लिंगोकथेची परतवाट

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा रेल्वे स्थानकापासून जवळच, कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज इथे लोटतो. पारी कुपार लिंगोने आपल्या पूर्वजांची सुटका केली ती गुहा हीच, अशी त्यांची श्रद्धा आहे. या कथेचा एक जुना छापील पाठ १८६६च्या एका इंग्रजी ग्रंथात आहे. त्यात मूळ गोंडी शब्द रोमन लिपीत असून सोबत इंग्रजी भाषांतर दिले आहे. आता या ग्रंथाची पाने संगणकावर विनामूल्य पाहता येतात. मग दरेकशाच्या माणसाला त्याची कथा परत मिळाली, असे म्हणायचे का?

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडून वारले. त्यांच्यामागे राहिलेली टिपणे रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून छापली, म्हणून हा पाठ टिकला. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु गीत हिस्लॉपांचे नव्हते. ते एका प्रधानाच्या तोंडून आले होते. प्रधान हे गोंडांचे परंपरागत गायक. किंगरीच्या साथीने कुळकथा गाणे हा त्यांचा वारसा. ग्रंथाच्या शीर्षकपानावर मात्र हिस्लॉप आणि टेंपल ही दोनच नावे आहेत. ग्रंथालयाच्या सूचीतही तीच उतरली. छपाईने ज्याला वगळले, त्याला स्कॅनिंगही परत आणू शकत नाही.

पुढचा प्रवास अधिकच विलक्षण आहे. जेम्स फॉर्सिथ यांनी १८७१च्या आपल्या ग्रंथात हीच कथा इंग्रजी पद्यात मांडली, तीही लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या चालीवर. लाँगफेलोने ती चाल फिनलंडच्या ‘कालेवाला’वरून उचलली होती. सातपुड्याच्या पायथ्याचे गीत अशा रीतीने उत्तर युरोपच्या लयीत म्हटले जाऊ लागले. शब्दांचा सांगाडा उरला, किंगरीचा सूर गेला.

आपल्याकडे याहून वेगळे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून उभारलेल्या या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतील कित्येकींचे ध्वनिमुद्रण केले. ‘पारी’ने २०१७पासून त्या प्रकाशित करायला सुरुवात केली, तेव्हा ओवीसोबत बाईचे नाव, गाव आणि आवाजही आला. ओवी ‘लोकांची’ असते हे खरे, पण ती गाणारी बाई कोणीतरी एक असते. हे भान हिस्लॉपांच्या ग्रंथात नाही आणि त्याच्या डिजिटल प्रतीतही नाही.

लिंगोकथेच्या बाबतीत प्रश्न नावापुरताच नाही. हिस्लॉपांच्या पाठात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो. डॉ. मोतीरावण कंगाली आदी गोंड अभ्यासकांनी ही कथा कोया पुनेमच्या दृष्टीने पुन्हा मांडली. त्या मांडणीत कली कंकालीच्या मुलांच्या सुटकेत जंगो रायतार आणि वादक हिरासुका पाटारी यांना मोठे स्थान आहे. गुहेच्या तोंडावरची शिळा हलते ती संगीताच्या बळाने. हे दोन पाठ एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण महत्त्वाचे आहे. उद्या विद्यार्थ्याने संगणकावर शोध घेतला आणि १८६६ची प्रत आधी हाती लागली, तर ‘जुने तेच मूळ’ असे तो सहज धरून चालेल. वास्तविक तो पाठ म्हणजे एका गायकाचे गायन, ऐकणाऱ्याने आपल्या परीने टिपलेले. त्याला प्रमाणग्रंथ मानणे म्हणजे आजच्या प्रधानाला त्याच्याच कथेचा उपरा ठरवणे होय.

इथे पुन्हा उत्तरेकडे पाहावेसे वाटते. डेन्मार्कने १९८२ ते २००१ या काळात ग्रीनलंडला सुमारे ३५ हजार वस्तू परत केल्या. त्या उपक्रमाचे नाव ‘उतिमुत’, म्हणजे परत. कोणत्या वस्तू जायच्या आणि कोणत्या राहायच्या, हे दोन्ही बाजूंनी मिळून ठरवले. देणाऱ्याचे औदार्य आणि घेणाऱ्याची कृतज्ञता एवढ्यावर ते भागवले नाही.

लिंगोकथेसाठीही असाच संयुक्त निर्णय हवा. रोमन लिपीतील गोंडी पाठ देवनागरीत आणि गोंडी लिपीतही यावा. शेजारच्या बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८मध्ये घडवलेल्या लिपीला २०१७पासून युनिकोडमध्ये जागा आहे. तेव्हा तांत्रिक सबब उरलेली नाही. तो पाठ प्रधान गायकांना वाचून दाखवावा, त्यांचे आक्षेप आणि त्यांचे स्वतःचे गायन शेजारीच नोंदवावे. काय सर्वांसाठी खुले करायचे आणि काय विधीपुरते राखायचे, हे त्यांना ठरवू द्यावे. ‘लेखक’ या रकान्यात हिस्लॉपांआधी निदान ‘प्रधान गायक’ एवढे तरी लिहावे. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या गायकाचे नाव आता लावता येणार नसले, तरी त्याची जागा रिकामी नव्हती, एवढे त्यातून कळेल.