एका वाकड्या शिखराचं वाचन

ग्रॅफाइटचा न्यूट्रॉन-विवर्तन आलेख (नमुन्यावरून कोणत्या कोनात किती न्यूट्रॉन विखुरले त्याचा) म्हणजे वृत्तात चोख बसवलेली रचना. डावीकडचं उंच, अणकुचीदार शिखर दोन थरांमधलं 3.35 अँगस्ट्रॉमचं अंतर सांगतं. पुढची शिखरं जिथल्या तिथे. खरं सांगायचं तर जरा कंटाळवाणंच.

ग्राफीन म्हणजे ग्रॅफाइटचा एकच थर. आता ग्राफीन ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून केलेल्या भुकटीचा आलेख शेजारी ठेवा. पहिलं शिखर बसकं आणि पसरट: थर एकावर एक आहेत, पण मोजकेच. मधली कितीतरी शिखरं गायब. आणि षटकोनी जाळीचं शिखर चक्क वाकडं! डावीकडून ताठ चढतं, उजवीकडे रेंगाळत उतरतं. सगळ्या आलेखात हीच जागा मला सर्वांत बोलकी वाटते. डब्यातल्या पोळ्यांची चवड नीट असते, पण कोणती पोळी किती फिरली आहे याला धरबंध नसतो. इथले थर तसेच. शेजाऱ्याशी जमवून घेणारा थर ठरावीक कोनांतच उत्तर देतो. सुटा थर तिरका झाला तरी देतो, मात्र मोठ्या कोनात, म्हणजे आलेखात उजवीकडे. लहान कोनात कधीच नाही. म्हणून उतार एकाच बाजूला. क्ष-किरणांसाठी हे गणित बी. ई. वॉरेन यांनी 1941 सालीच मांडलं होतं.

मग न्यूट्रॉन कशाला? क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात आणि कोन वाढला की क्षीण होतात. न्यूट्रॉन विखुरतो अणुकेंद्रकावरून. ते इतकं लहान की मोठ्या कोनातही त्याची ताकद उतरत नाही. त्या टोकाच्या मोजमापांतून 1.42, 2.46 आणि 2.84 अँगस्ट्रॉम ही अंतरं निघतात: षटकोनाची बाजू, छोटा कर्ण, मोठा कर्ण. चवड विस्कटली, षटकोन शाबूत.

हायड्रोजन क्ष-किरणांना जेमतेम दिसतो, न्यूट्रॉनला नको तितका. थरांत साधं पाणी अडकलं की आलेखाचा अख्खा तळ वर उचलला जातो. म्हणून साध्याऐवजी जड पाणी वापरतात. त्यातल्या ड्यूटेरियमची विखुरण-लांबी (केंद्रक न्यूट्रॉनला किती जोराने विखुरतं याचं माप) 6.67 फेम्टोमीटर, कार्बनची 6.65, साध्या हायड्रोजनची मात्र ऋण, −3.74. दोन्ही पाण्यांचे आलेख ताडून पाहिले की थरांमधल्या पाण्याची जागा सापडते.

या वाचनाला नमुना मात्र भरपूर लागतो. मँचेस्टरमध्ये 2004 साली गाइम आणि नोवोसेलोव यांनी ग्रॅफाइटवरून चिकटपट्टीने सोडवलेल्या एकांड्या थरातून न्यूट्रॉन आरपार निघून जातील.

ग्रॅफाइट इथे नुसता नमुना नाही. ओक रिजच्या ज्या अणुभट्टीवर वोलन आणि शल यांनी न्यूट्रॉन-विवर्तनाचं हे तंत्र घडवलं, तिथे न्यूट्रॉनना संथ करायला ग्रॅफाइटच होतं. आजही अनेक यंत्रांत एकाच तरंगलांबीचे न्यूट्रॉन निवडायला ग्रॅफाइटचा स्फटिक लावतात. त्यातून निम्म्या तरंगलांबीचेही काही सटकतात आणि आलेखात भलत्याच जागी फिकी शिखरं उमटवतात. ते अडवणारी गाळणीही पुष्कळदा ग्रॅफाइटचीच असते.