देवावरचा भार आणि भाकरीचा हिशेब

मराठी ख्रिस्ती साहित्याची चर्चा टिळक दांपत्यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. या चर्चेत रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या देवावरील भरवशाचे कौतुक होते. तो भरवसा कोणाच्या जिवावर उभा होता, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. परक्या मिशनच्या पगारापेक्षा देवाचा आधार बरा, हा त्यांतला बाणेदारपणा मान्य केलाच पाहिजे. पण लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दुसरी बाजू दिसते. टिळकांचा हात सढळ. घरातले काय कोणाला देऊन टाकतील याचा नेम नाही. उद्याची चूल पेटवण्याची काळजी बाईंची. देव पुरवतो खरा, पण पुरवतो तो बाईंच्या काटकसरीतून आणि कष्टांतून. बाई हे हसत सांगतात. आपण वाचकांनीही ते हसण्यावारी नेले.

दुसरा प्रश्न जातीचा. नगर भागातला ख्रिस्ती समाज मुख्यतः महार-मांगांतून आलेला. टिळकांनी त्याला अभंगाची, शरणागतीची भाषा दिली. ज्याच्यापाशी सोडण्यासारखे काही आहे त्याने ते सोडले, तर तो त्याग ठरतो. ज्याच्या आज्याने गावकी राबून दारोदार भाकरी मागितली, त्याला हात पसरणे नवे नव्हते. त्याला ताठ उभे राहण्याची भाषा हवी होती.

१९५६ साली बाबासाहेबांनी देवाचा आधार न घेणारा धम्म दिला. म्हणून आमच्यातले काही जण ख्रिस्ती दलिताच्या प्रार्थनेला सरसकट दुबळेपणा म्हणतात. ते मला पटत नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर ‘मला’ नव्हे, ‘आम्हांला’ मागितली आहे. हे ‘आम्ही’ खरे मानले, तर प्रार्थना संघटनेपर्यंत पोचते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या. शीख १९५६ साली आणि बौद्ध १९९० साली त्यांत आले. ख्रिस्ती दलित बाहेर राहिला. हा अन्याय माणसांनी कागदावर केला आहे. त्याची दाद माणसांकडेच मागावी लागेल. देवावर भार टाकून ती जबाबदारी टळत नाही.

तेव्हा ख्रिस्ती साहित्य वाचताना आपण एवढे विचारलेच पाहिजे : भाकरी मागितली कोणी, आणि थापली कोणी?