इंग्रजी वाङ्मयाच्या अध्ययनात भाषांतराचे स्थान

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील महाविद्यालयांत इंग्रजी हा विशेष विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे इंग्लंड-अमेरिकेतील ग्रंथ इंग्रजीतच येतात आणि त्यांची चर्चाही इंग्रजीतच अपेक्षित असते. हे योग्यच होय. परंतु त्यामुळे मराठी भाषांतर म्हणजे मूळ ग्रंथ न झेपणाऱ्याची कुबडी, अशी जी समजूत रूढ झाली आहे, ती तपासून पाहिली पाहिजे. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ (१९५२) ही कादंबरिका आणि पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ (१९६५) या नावाने केलेला तिचा अनुवाद या दृष्टीने उद्बोधक आहेत.

अनुवादाचे शीर्षक हीच एक टीका आहे. जाळे बांधताना पुनःपुन्हा पडणाऱ्या व पुन्हा चढणाऱ्या कोळ्याची शाळेतील कविता त्याने आठवते. मासेमार आणि जाळे विणणारा जीव ‘कोळी’ या एकाच शब्दात सामावतात. मात्र या श्लेषाने चिकाटीचा धडा पुढे येतो व सांतियागोच्या पराभवाची बाजू किंचित मागे पडते, असा आक्षेपही घेता येईल.

त्याहून मोलाचा प्रश्न लिंगाचा. सांतियागो समुद्राला स्त्रीलिंगी ‘ला मार’ म्हणतो. मोटारबोटी वापरणारे काही तरुण मासेमार त्यालाच पुल्लिंगी ‘एल मार’ म्हणतात. इंग्रजी नामांना व्याकरणिक लिंग नसल्यामुळे लेखकाला येथे स्पॅनिशचा आश्रय घ्यावा लागला. मराठीत लिंगव्यवस्था आहे. पण ‘समुद्र’ व ‘दर्या’ हे दोन्ही शब्द पुल्लिंगी, म्हणजे साधन हाताशी असूनही म्हाताऱ्याच्या बाजूचा रूढ शब्द नाही. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याला परिचित असलेली ‘खाडी’ स्त्रीलिंगी आहे खरी, परंतु खाडी म्हणजे समुद्र नव्हे. माशाच्या बाबतीत याच्या उलट घडते. इंग्रजीत माशासाठी पुरुषवाचक सर्वनाम योजणे ही लेखकाची निवड आहे. तिच्यातून म्हाताऱ्याच्या तोलाचा प्रतिस्पर्धी उभा राहतो. मराठीत ‘मासा’ आपोआपच ‘तो’ होतो आणि ती निवड दिसेनाशी होते. मुलाने म्हाताऱ्याला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, हे इंग्रजीला ठरवावेच लागत नाही. मराठीला ते पहिल्याच संवादात ठरवावे लागते.

हे प्रश्न केवळ इंग्रजी जाणणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्याला सहसा सुचणार नाहीत. मराठी विद्यार्थ्याला ते सुचू शकतात, आणि तेच त्याने वर्गाबाहेर ठेवावेत ही अपेक्षा चमत्कारिक आहे. अमेरिकन साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत मूळ उताऱ्याशेजारी त्याचा अनुवाद छापून दोहोंतील भेदांची कारणे विचारली, तर बाजारातील गाइडांतून पाठ केलेले उत्तर तेथे उपयोगी पडणार नाही.