यश येते कोणाला?

‘लेखकाला ग्रामीण वातावरण उभे करण्यात यश आले आहे.’ हे वाक्य नसेल तर ग्रंथपरीक्षण अपुरे राहिले असे वाटावे, इतके ते आपल्याकडे रुळले आहे. त्यातले ‘यश’ कोणते, हे मात्र परीक्षक सांगत नाही आणि त्याला कोणी विचारीतही नाही.

संस्कृतात ‘यशस्’ म्हणजे कीर्ती, लौकिक, तेज. गीतेच्या अकराव्या अध्यायात यश मिळव, शत्रूंना जिंक, राज्य भोग असे अर्जुनाला सांगितले आहे. तेथे यश निराळे आणि जिंकणे निराळे. हिंदीत आजही ‘यश’ म्हणजे कीर्तीच. काम साधले तर तिकडे ‘सफलता’ म्हणतात. मराठीने मात्र कीर्तीचा शब्द उचलून कार्यसिद्धीला लावला. ‘अपयश’ म्हणजे मुळात दुष्कीर्ती. आज नापास झालेला मुलगा ‘अपयशी’ ठरतो. बरे, जुना अर्थ तरी पुरता गेला आहे काय? अपयशाचे खापर आपण अजून कोणाच्या तरी डोक्यावर फोडतोच. गणिते चुकतात चार आणि बट्टा लागतो पोराच्या नावाला. आम्हां शाळामास्तरांना हे दर निकालाला पाहावे लागते.

आमच्या शिरूर-दौंडकडे अष्टविनायकांपैकी दोन ठाणी जवळ आहेत. रांजणगाव शिरूर तालुक्यातच, आणि सिद्धटेक दौंडच्या बाजूने गेले तर भीमेपलीकडे. रांजणगावची कथा शंकराच्या त्रिपुरासुराशी झालेल्या युद्धाची, सिद्धटेकची विष्णूच्या मधु-कैटभांशी झालेल्या युद्धाची. दोघांचेही काम अडले, आणि गणपतीला आळवल्यावर झाले. विष्णूला तेथे मिळाली ती ‘सिद्धी’. गावाच्या नावातच ती आहे. देवांना कीर्तीची वाण नव्हती, हवे होते ते काम तडीस जाणे. इतका नेमका शब्द उंबऱ्याशी असताना आम्ही यशालाच दोन्हीकडे राबविले!

अर्थात खेड्यातला माणूस वैद्याविषयी ‘त्येच्या हाताला येस हाय’ म्हणतो, तेव्हा दोन्ही अर्थ सुखाने एकत्र नांदतात. रोगी बरा होतो आणि चार गावांत तसे बोलले जाते. शिवाय हे येस ‘येते’, कोणी तरी ‘देते’. वैद्य ते स्वतः करीत नाही. परीक्षकाच्या वाक्यातही यश ‘येते’च, पण तेथे रोगीही नाही आणि चार गावेही नाहीत.

अकराव्या शतकात मम्मटाने काव्याची प्रयोजने सांगताना यश आणि धन वेगवेगळे मोजले. यशाला उदाहरण दिले कालिदासाचे, धनाला धावकाचे. आपल्याकडे आवृत्त्या खपल्या की कादंबरी ‘यशस्वी’ होते. म्हणजे धावकाची रक्कम कालिदासाच्या खात्यावर जमा! (कादंबऱ्या मीही लिहितो, तेव्हा यात थोडा मत्सर असेल तर वाचकांनी तो वजा करावा.)

वातावरण साधले असेल तर ‘साधले’ म्हणावे, आणि कोणत्या प्रसंगात, कोणत्या पात्राच्या तोंडी, ते दाखवून द्यावे. पुस्तक छापून दोन महिने झालेले नसतात. तेवढ्यात लेखकाच्या यशाचा निकाल लावण्याची घाई परीक्षकाला कोणी सांगितली आहे?