वत्सगुल्माचा वारसा आणि मराठी कादंबरी

अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावर जऊळका सोडलं की पुढे वाशीम येतं. वाशीम म्हणजे वाकाटक राजांचं वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या नगराला कामदेवाचं क्रीडास्थान म्हटलं आणि सरस्वतीपुत्र काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न इथेच लावलं. काम आणि वाणी जिथे एका मांडवात आली, तिथल्या आजच्या भाषेतल्या कादंबरीने मात्र प्रेम, शरीर आणि अध्यात्म यांना वेगवेगळ्या घरांत ठेवलं आहे.

ही वाटणी जुनी आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपालवध’ रचलं. काव्य उत्तम, पण एवढा शृंगार निवृत्तांच्या कामाचा नाही, असं गुरुबंधूने सांगितलं, तेव्हा त्यांनी ‘उद्धवगीता’ लिहिली, अशी महानुभाव परंपरेतली कथा आहे.

खांडेकरांची ‘ययाति’ (1959) तीच वाट चालते. ययातीच्या वाट्याला भोग, कचाच्या वाट्याला संयम, शर्मिष्ठेच्या वाट्याला निरपेक्ष प्रेम. ज्ञानपीठापर्यंत पोचलेल्या या कादंबरीची नैतिक तळमळ खरी आहे. पण तिच्यात वासना नेहमी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मध्ये नर्मदेकाठचा विरक्त यशोदेचं प्रेम नाकारतो. त्या नकाराची टोचणी हाच या कादंबरीचा सर्वांत जिवंत भाग आहे, कारण तिथे वैराग्यालाच जाब विचारला जातो.

पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ (1962) सर्वांत पुढे गेली. प्रेम म्हणजे आपण स्वतः ते होणं, हे तिने उपदेशाविना, पत्रांतून उमलू दिलं. तिथे प्रेम हीच साधना आहे. फक्त देह फार विरळ झाला आहे. त्याच वर्षी ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आलेल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वर अश्लीलतेचा खटला झाला. 1969मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवलं, तरी देहाबद्दल लिहिणाऱ्यावरचा संशय त्या निकालाने पुसला गेला नाही.

गौरी देशपांडे यांनी ‘तेरुओ’त विवाहित स्त्रीच्या इच्छेला अपराधभावातून सोडवलं. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’त (2006) भाऊ आणि बहीण एकाच तरुणावर प्रेम करतात आणि दोघांचं दुःख सारख्याच मोलाचं ठरतं. हे धैर्य मोठं आहे. मात्र ही पात्रं शहरी, शिकलेली, स्वतःला शब्दांत मांडता येणारी आहेत.

उरतो तो जऊळक्यासारख्या गावातला संसार. तिथे वारी, उपवास, पारायण आणि नवराबायकोचं एकांतातलं नातं एकाच घरात नांदतं. उपवास धरणारी बाई आणि इच्छा असणारी बाई एकच असते, आपली कादंबरी मात्र तिला एकतर सोशिक दाखवते, नाहीतर बदनाम. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने (1960) वऱ्हाडी बोली दारिद्र्याचा आणि कष्टाचा भार किती ताकदीने पेलते हे सिद्ध केलं. ती बोली देहाचं सुख आणि त्यातून येणारी शांतीही पेलेल. समीक्षेने अशा लेखनाला श्लील-अश्लीलाच्या तराजूत घालणं थांबवावं, आणि वऱ्हाडातल्या लेखक-लेखिकांनी हा विषय शहराच्या परवानगीची वाट न पाहता हाती घ्यावा.