नावाची पत आणि नावाची किंमत

मराठी माणसाच्या बोलण्यात 'नाव' हा शब्द फार राबतो. मुलगा नाव काढतो, नातू नाव राखतो, एखादा नाव बुडवतो, तर एखादा नावाला जागतो. या साऱ्या क्रिया माणसाच्या वागण्याशी बांधलेल्या आहेत. नाव माणसापासून आणि त्याच्या कामापासून वेगळे काढावे, तराजूत घालावे आणि त्याचे वजन रुपयांत सांगावे, असे आपल्या भाषेला कधी सुचले नाही. जगभरच्या कंपन्यांना मात्र ते गेल्या साडेतीन-चार दशकांत सुचले आहे. त्यालाच ब्रँडचे, म्हणजे नाममुद्रेचे मूल्यांकन म्हणतात.

हा विषय वाणिज्य शाखेचा. साहित्याच्या दिवाळी अंकाला त्याचे काय, असे कोणी विचारील. परंतु ताळेबंद हाही शेवटी कोणीतरी लिहिलेला मजकूर आहे. त्यातले आकडे पुष्कळदा विशेषणांसारखे वापरले जातात. जेथे विशेषण आले तेथे ते कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने योजले, हे विचारण्याचा अधिकार समीक्षेला आहे. प्रस्तुत लेखात तेवढाच अधिकार वापरायचा आहे.

या प्रकरणाचा पहिला गाजलेला अध्याय १९८८ सालचा, इंग्लंडमधला. रँक्स होव्हिस मॅकडुगल ही पीठ, पाव आणि केक यांचा व्यवसाय करणारी जुनी कंपनी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या गुडमन फील्डर वॅटी या कंपनीने तिला गिळण्याचा घाट घातला. आपल्या समभागांचा बाजारभाव आपली खरी किंमत सांगत नाही, आपल्याजवळ गिरण्या आणि भट्ट्या आहेत त्याहून मोठी संपत्ती आपल्या नावांत आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. तिने इंटरब्रँड या सल्लागार संस्थेकडून आपल्या नाममुद्रांचे मोल करवून घेतले आणि ६७ कोटी ८० लाख पौंड हा आकडा सरळ ताळेबंदात मांडला. विकत घेतलेली नावे आणि घरी वाढवलेली नावे, दोन्ही त्यात होती.

त्याच वर्षी नेस्ले कंपनीने राउनट्री ही किटकॅट बनवणारी ब्रिटिश कंपनी अडीचशे कोटी पौंडांहून अधिक रक्कम मोजून घेतली. आधीच्या बाजारभावाच्या ही दुपटीहून जास्त होती. यंत्रे आणि इमारती यांचा हिशेब करून एवढी रक्कम होत नव्हती. वरची रक्कम नावाची होती. तेव्हा नावाला किंमत असते, हे कोणी अमान्य करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो ती मोजणार कशी आणि मोजणार कोण, हा.

मोजण्याचे तीन मार्ग सांगितले जातात. २०१० साली आयएसओने १०६६८ या क्रमांकाचे जे मानक काढले, त्यातही हेच तीन आहेत. एक, नाव उभे करायला खर्च किती आला ते पाहणे. दुसरा, तशाच दुसऱ्या नावाला बाजारात काय मिळाले ते पाहणे. तिसरा, या नावामुळे पुढे किती उत्पन्न येईल त्याचा अंदाज करून त्याची आजची किंमत काढणे. पहिला मार्ग लंगडा आहे, कारण जाहिरातीवर कोट्यवधी उधळूनही न रुजलेली नावे पुष्कळ आहेत. दुसरा अडतो, कारण नावे भाजीसारखी रोज विकली जात नाहीत. म्हणून भिस्त असते ती तिसऱ्यावर.

या तिसऱ्या मार्गातली एक पद्धत फळ्यावर मांडून दाखवता येईल इतकी सोपी आहे. हे नाव कंपनीचे स्वतःचे नसून दुसऱ्याकडून वापरायला घेतले असते, तर तिला किती रॉयल्टी द्यावी लागली असती? ती वाचली, म्हणजे तेवढे या नावाचे उत्पन्न. समजा, एका साबण कंपनीची वार्षिक विक्री १०० कोटी रुपये आहे. रॉयल्टीचा दर ४ टक्के धरला तर ४ कोटी वाचले. त्यातून पाव हिस्सा कर गेला, राहिले ३ कोटी. हे ३ कोटी दरवर्षी असेच मिळत राहतील असे मानून १२ टक्के दराने त्यांची आजची किंमत काढली, तर उत्तर येते २५ कोटी. आता विक्री दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढेल असे मानू. तेच नाव ३७.५ कोटींचे होते. रॉयल्टी ४ ऐवजी ६ टक्के धरू. किंमत ५६ कोटींच्या वर जाते. साबण तोच, गिऱ्हाईक तेच, नावही तेच. बदलली ती आपली दोन गृहीतके. गणितात चूक कोठेच नाही, आणि हीच या पद्धतीची खरी अडचण आहे. उत्तर अचूक दिसते, म्हणून गृहीतकांकडे कोणी वळून पाहत नाही.

इंटरब्रँडच्या सुरुवातीच्या पद्धतीत तर चक्क गुणपत्रिका होती. बाजारातील अग्रस्थान, स्थैर्य, बाजारपेठेचा प्रकार, आंतरराष्ट्रीय प्रसार, वाढीचा कल, कंपनीचे पाठबळ आणि कायद्याचे संरक्षण असे सात विषय. एकूण गुण १००. त्यांत आंतरराष्ट्रीय प्रसाराला २५ आणि कायदेशीर संरक्षणाला ५. मिळालेल्या गुणांवरून एक गुणक ठरवायचा आणि नावामुळे होणाऱ्या नफ्याला त्याने गुणायचे. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाला हे वाचून हसू आल्यावाचून राहणार नाही. निबंधाला वीसपैकी तेरा द्यावेत की पंधरा, हे ठरवताना परीक्षकाचा हात किती सैल आहे ते आम्ही जाणतो. आमच्याकडे निदान परीक्षकाचे मानधन परीक्षार्थी देत नाही. येथे ज्याच्या नावाचे मोल करायचे, तोच बहुधा मूल्यांकनाचे शुल्क भरतो.

शुल्काचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी परीक्षकांचे एकमत होते का, ते पाहावे. २०२३ सालचे उदाहरण घेऊ. अ‍ॅपल या नावाची किंमत ब्रँड फायनान्स या संस्थेने २९,७५० कोटी डॉलर सांगितली. इंटरब्रँडने ५०,२७० कोटी डॉलर. कांतार या तिसऱ्या संस्थेने ८८,००० कोटी डॉलर. नाव एक, वर्ष एक, आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकड्यांत जवळजवळ तिप्पट अंतर. तिघांच्या व्याख्या वेगळ्या आहेत, असे समर्थन केले जाते आणि ते खोटे नाही. पण मग या आकड्याला किंमत न म्हणता मत म्हणावे. मताला मान असतो. मतावर कर्ज देता येत नाही.

दुर्दैवाने आपल्या देशात मतावर कर्ज दिले गेले. किंगफिशर एअरलाइन्स २००५ साली सुरू झाली. तिला एकाही वर्षी नफा झाला नाही. विमाने बहुतांशी भाड्याची, तेव्हा तारण ठेवण्यासारखी जड मालमत्ता थोडी. बँकांनी इतर गोष्टींबरोबर कंपनीचे नाव आणि चिन्हे तारण म्हणून घेतली. भरभराटीच्या दिवसांत या नावाचे मोल चार हजार कोटी रुपयांच्या वर केले गेले होते, असे वृत्तपत्रांनी पुढे छापले. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमाने जमिनीवर आली. कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले. एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी ही नावे आणि चिन्हे लिलावाला काढली. राखीव किंमत होती सुमारे ३६७ कोटी. एकही बोली आली नाही.

या कथेचा एक तुकडा आमच्या शेजारी, गोव्यात घडला. कांदोळी येथील किंगफिशर व्हिला हीदेखील बँकांच्या ताब्यात आली होती. तिचेही लिलाव आधी फसले, पण २०१७ साली ती सुमारे ७३ कोटींना विकली गेली. मुंबईतील किंगफिशर हाउसला गिऱ्हाईक मिळायला २०२१ साल उजाडले, तरी शेवटी मिळाले. भिंतींना आणि छपराला उशिरा का होईना, भाव आला. वसुलीचा मोठा हप्ता आला तो जून २०२१ मध्ये, युनायटेड ब्रुअरीज या बिअर बनवणाऱ्या कंपनीचे समभाग विकून. ती रक्कम ५,८०० कोटींच्या घरात होती. आता गंमत पाहा. किंगफिशर हेच नाव बिअरच्या बाटलीवर होते आणि तेथे ते आजही चालते. बाटलीत रोज बिअर भरली जात होती, म्हणून नावाला अर्थ होता. विमान उडेनासे झाले, तिकिटावरचे तेच नाव रिकामे झाले.

मिशीचा केस गहाण ठेवून सावकाराकडून कर्ज काढल्याच्या गोष्टी आपल्याकडे सांगतात. कंपन्यांचे समर्थक म्हणतील, तेही अमूर्त तारणच होते. होते, पण सावकार केसाची किंमत करीत नव्हता. तो केस ज्याच्या ओठावर उगवला त्या माणसाच्या लाजेवर विसंबत होता. माणूस परागंदा झाला तर केस बाजारात नेऊन विकता येणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. आमच्या बँकांनी केसाचे मूल्यांकन करवून घेतले आणि माणसाकडे पाहायचे राहून गेले. शिवाय सावकाराचे बुडाले तर त्याचे स्वतःचे बुडत असे. येथे ठेवीदारांचा पैसा होता.

नावाच्या आकड्याचा दुसरा उपयोग रॉयल्टीसाठी होतो. टाटा समूहाने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अशी व्यवस्था केली, की टाटा हे नाव वापरणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीचा कमाल पाव टक्का मूळ कंपनीला द्यावा. परदेशी मूळ कंपन्यांचे दर याहून बरेच वरचे. हिंदुस्थान युनिलिव्हरने जानेवारी २०१३ मध्ये जाहीर केले, की नाममुद्रा, तंत्रज्ञान आणि सेवा यांपोटी मूळ कंपनीला द्यावयाची रक्कम उलाढालीच्या सुमारे १.४ टक्क्यांवरून २०१८ पर्यंत टप्प्याटप्प्याने ३.१५ टक्क्यांवर जाईल. जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा २.६५ वरून ३.४५ टक्क्यांपर्यंतची वाढ जाहीर झाली. सेबीने जुलै २०१९ पासून असा नियम घालून दिला, की संबंधित कंपनीला नावापोटी उलाढालीच्या ५ टक्क्यांहून अधिक रक्कम जाणार असेल, तर इतर भागधारकांची संमती हवी. नियम योग्यच आहे. पण त्यामागचा प्रश्न उरतोच. खेड्यातल्या दुकानदाराने वर्षानुवर्षे फळीवर मांडलेल्या, इथल्या कामगारांनी बनवलेल्या साबणाच्या नावाला जे तेज चढते, त्यात इथल्या कष्टांचा वाटा किती आणि मूळ घराण्याचा किती? कोणत्याही सूत्रात हा वाटा वेगळा काढलेला माझ्या पाहण्यात नाही.

एवढ्यावरून नावाची किंमत हे सगळे थोतांड आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. कोका-कोला भारतातून गेल्यावर १९७७ साली पार्लेचे थम्स अप आले. १९९३ साली कोका-कोला परतली आणि तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही नावे पार्लेकडून विकत घेतली. परदेशी पेयासमोर देशी नाव मागे पडेल असे पुष्कळांना वाटले होते. तसे झाले नाही. २०२१ साली थम्स अपची वार्षिक विक्री १०० कोटी डॉलरच्या पलीकडे गेल्याचे खुद्द कोका-कोलाने सांगितले. येथे कोणी सल्लागार नव्हता. लोकांची जीभ होती.

या उदाहरणात हिशेबशास्त्राचा एक विचित्र वाटणारा नियमही समजतो. स्वतः वाढवलेले नाव ताळेबंदात संपत्ती म्हणून मांडता येत नाही; विकत घेतलेले मांडता येते. १९९८ च्या ३८ व्या आंतरराष्ट्रीय मानकात हे स्पष्ट आहे आणि भारतीय मानकेही तेच सांगतात. त्या यादीत वृत्तपत्रांची आणि प्रकाशनांची शीर्षकेही आहेत, म्हणजे हा दिवाळी अंक ज्या नावाने निघतो ते नावसुद्धा हिशेबाच्या वहीत शून्यच. बाप शून्य आणि दत्तक पुत्र कोट्यधीश, असा हा न्याय. तरी त्यात शहाणपण आहे. विकत घेताना कोणीतरी स्वतःच्या खिशातून पैसे मोजलेले असतात. घरच्या नावाला फक्त घरच्यांची स्तुती असते. अर्थात मोजलेले पैसेही चुकू शकतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये क्राफ्ट हाइन्झ या अमेरिकी कंपनीने क्राफ्ट आणि ऑस्कर मायर या नावांसह आपल्या अमूर्त मालमत्तेची किंमत एका फटक्यात १,५४० कोटी डॉलरनी खाली आणली.

म्हणून यापुढे कोणत्याही नावाचा भव्य आकडा छापून आला, की वाचकाने तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा कोणाच्या सांगण्यावरून काढला? तो खरा ठरला नाही तर कोणाचे पैसे बुडतील? आणि उद्या काम थांबले, तर या नावाला कोण काय देईल? आता शाळाही आपल्या 'ब्रँड'विषयी बोलू लागल्या आहेत, ठरावीक रक्कम घेऊन नाव वापरायला देऊ लागल्या आहेत. एखाद्या गावात वर्ग भरण्याआधीच दारावर मोठ्या नावाची पाटी लागते. त्या पालकांनाही हे तीन प्रश्न उपयोगी पडतील, विशेषतः तिसरा. पत ही लोकांनी आपल्याजवळ विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. ती आपल्या वहीत जमेच्या बाजूला लिहिता येईल. पण ती परत मागण्याचा हक्क लोकांकडेच राहतो.