सात दुणे चौदा, पण केव्हा?

एक डोमकावळा पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब करत बसला आहे. सात दुणे किती, असं तो समोरच्या मुलाला विचारतो. मुलगा म्हणतो, चौदा. कावळा त्याला जागच्या जागी नापास करतो. का, तर मुलाने उत्तर दिलं तेव्हा चौदा पुरते झालेलेच नव्हते. त्या घडीला होते तेरा रुपये चौदा आणे तीन पै. कावळ्याने नेमकी वेळ साधून चौदाचा आकडा मांडला म्हणून बरं, नाहीतर एव्हाना ते चौदा रुपये एक आणा नऊ पै होऊन बसले असते! आणि चार मांडल्यावर हातचा किती? हातात उरते ती पेन्सिल.

सुकुमार राय यांच्या ‘हजबरल’ या छोटेखानी बंगाली पुस्तकातला हा प्रसंग. वडील उपेंद्रकिशोर यांनी 1913 मध्ये ‘संदेश’ हे मुलांचं मासिक सुरू केलं. पुढे सुकुमार त्याचे संपादक झाले आणि शंभरएक वर्षांपूर्वी ही गोष्ट त्यातच छापून आली. एका बैठकीत वाचून होते. पण ‘मुलांचं आहे’ म्हणून असली पुस्तकं आपण परस्पर धाकट्यांच्या हवाली करतो. या पुस्तकाच्या बाबतीत तसं करू नये, एवढंच सांगायचं आहे.

गोष्ट म्हणावी तर इतकीच. उकाड्याने हैराण झालेला मुलगा झाडाखाली पडला आहे. घाम पुसायला म्हणून रुमालाला हात घालतो, तर रुमाल म्याव करतो. रुमालाचं मांजर झालेलं! मुलगा चक्रावतो, पण मांजराला त्यात काहीच वावगं दिसत नाही. अंड्याचं बदक होतं तेव्हा कुणी तक्रार करतं का, असा त्याचा सवाल. इथून पुढे जो भेटेल तो असाच बोलतो. कुणी वेड्यासारखं बरळत नाही. प्रत्येकाकडे कारण तयार आहे, आणि ते कारण खोडून काढणं वाटतं तितकं सोपं नाही.

‘हजबरल’ची खरी गंमत मला इथे दिसते. यातला वेडेपणा तर्क सुटल्यामुळे आलेला नाही. तर्क नको तितका घट्ट धरून ठेवल्यामुळे आला आहे. झाडाच्या ढोलीतून एक दीड हात उंचीचा म्हातारा बाहेर येतो. दाढी हिरवी, पायापर्यंत लोळणारी. तो फीत काढून मुलाचं माप घेतो. उंची सव्वीस इंच, छाती सव्वीस इंच, गळाही सव्वीस इंचच. मुलगा फीत निरखून बघतो, तर तिच्यावरचे बाकी सगळे आकडे पुसून गेले आहेत. सव्वीस तेवढा कसाबसा वाचता येतो. म्हाताऱ्याच्या हातून मोजण्यात चूक झालेली नाही. जी फीत आहे तिच्यावर जे लिहिलं आहे ते त्याने इमानेइतबारे वाचलं आहे. रुग्णाकडे न बघता रिपोर्टकडे बघणारे, मुलाकडे न बघता टक्क्यांकडे बघणारे आपण सगळे या म्हाताऱ्याचे भाऊबंद.

वयाच्या प्रश्नावर तर तो आणखी चोख आहे. तुझं वय वाढतंय की कमी होतंय, असं तो विचारतो. त्यांच्याकडे चाळीस झाली की वय उलटं फिरवतात: एकोणचाळीस, अडतीस, असं करत दहापर्यंत उतरवायचं, मग पुन्हा चढू द्यायचं. असे चढउतार करत सध्या त्याचं वय तेरा आहे. कल्पना खुळी खरी, पण एकदा मान्य केली की आत कुठे फट राहत नाही.

हा नेमकेपणा लेखकाच्या घडणीतच होता. सुकुमार राय प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकले. 1911 मध्ये मुद्रणकला आणि छायाचित्रण शिकायला इंग्लंडला गेले. छायाचित्राचे बारीक ठिपके करून ते कागदावर उतरवण्याचं हाफटोन तंत्र हा त्यांचा अभ्यासाचा विषय. मापात काय बसतं आणि काय निसटतं, हे अशा माणसाला पक्कं ठाऊक असणार. पुस्तकातली चित्रंही त्यांनीच काढली आहेत.

या पुस्तकाला हमखास ‘अॅलिस’च्या शेजारी बसवलं जातं. झोप, स्वप्न, शेवटी खटला ही साम्यं उघडच आहेत. पण अॅलिसच्या जगात पत्त्यांचे राजे-राण्या हुकूम सोडतात. इथे राज्य आहे ते कारकून, दलाल आणि वकिलांचं. कावळ्याचं नाव श्री काक्केश्वर कुचकुचे, पत्ता 41 गेछोबाजार, कागेयापट्टी. तो घाऊक आणि किरकोळ हिशेब करून देतो आणि तशी छापील जाहिरात वाटतो. बोकड आपल्या नावापुढे बी.ए. लावतो आणि खाद्यविशारद म्हणवतो. तेव्हाच्या कलकत्त्यातल्या पाट्या आणि पदव्या पिसं-शिंगं लावून इथे आल्या आहेत.

खटल्यात हे सगळं टोकाला जातं. न्यायाधीश घुबड डोळे मिटून बसलं आहे. झोप नाही, डोळ्यांचा विकार आहे, असा त्याचा खुलासा. त्यावर हिजिबिजबिज नावाचा, उगाचच हसत सुटणारा प्राणी म्हणतो की पाहिलेल्या सगळ्या न्यायाधीशांना हाच आजार होता. साक्षीदारांना चार-चार आणे मिळतात. दावा आहे, वकील आहेत, साक्षी आहेत. आरोपी तेवढा नाही. मग नेडा नावाच्या एका भोळ्या गवयाला पकडून उभं करतात. आरोपीलाही पैसे मिळत असतील या आशेने तो खूश! शिक्षा होते तीन महिने कैद आणि सात दिवस फाशी. इंग्रजी अमलातल्या कोर्टांवर लिहिलेली ही दोन-तीन पानं आजही जुनी झालेली नाहीत.

एक खोट सांगायला हवी. बोकडाचं खाण्यावरचं व्याख्यान आणि त्यानंतरची गाणी यांत मधला भाग थोडा रेंगाळतो. तिथे थांबू नका. पुढेच खटला आहे.

सुकुमार राय 1923 मध्ये काळ्या आजाराने गेले, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. त्यांचा मुलगा सत्यजित तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. पुढे 1987 मध्ये सत्यजित राय यांनी वडिलांवर माहितीपट केला. बंगाली येत नसेल तर सुकांत चौधुरी किंवा संपूर्णा चॅटर्जी यांची इंग्रजी भाषांतरं वाचावीत, आणि शक्यतो मोठ्याने.

मुलं हे पुस्तक वाचून हसतील आणि खेळायला निघून जातील. मोठ्यांना ते जास्त लागू पडेल. स्वतः बँकेच्या खिडकीसमोर उभं राहून, आपण जिवंत आहोत याचा दाखला दर नोव्हेंबरात देणाऱ्या पेन्शनरला काक्केश्वर मुळीच परका वाटणार नाही.